लोण्याचा वास

मंगळवार, ४ मार्च

आज पुन्हा परीक्षा झाली.

भाऊजींनी कोपऱ्यातल्या टाकीतून पेलाभर बिअर काढली. पेला कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला आणि वरून तळहाताने झाकला. जरा वेळाने उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि माझ्या हातात दिला.

"काय येतंय?"

थंडी सरल्यापासून हे असंच चाललंय. आधी टाक्यांचं सगळं तेच बघायचे. माझं काम धुण्याचं: टाक्या, पिंपं, पाइप, नळ, पेले. धुतलेला प्रत्येक पेला मी उजेडाकडे धरून बघतो म्हणून ते मला इन्स्पेक्टर म्हणतात. पण टाकीला नाक लावणं हे माझं काम कधीच नव्हतं. जानेवारीत त्यांना मोठा ताप आला, कितीतरी दिवस अंथरुणावर होते, आणि कारखाना मी एकट्याने सांभाळला. बरे होऊन आले ते हा प्रश्न घेऊनच. त्या दिवसांत माझ्या हातून काहीतरी राहिलं असणार. काय ते सांगत नाहीत. नुसते तपासतात.

आज मला लोण्याचा वास आला. अगदी स्पष्ट, गरम पावावर लोणी वितळतं तसा. पण या बिअरच्या लेबलवर 'संत्र्याची साल, ताजा पाव' असं छापलंय. शब्द भाऊजींचे, शुद्धलेखन मी तपासलेलं. लोणी त्यात कुठेच नाही. म्हणजे एक तर माझं नाक चुकतंय, नाहीतर ते मला चकवून बघतायत.

मी म्हटलं, "संत्र्याची साल. मागे थोडा पाव."

"नक्की ना, इन्स्पेक्टर?"

"नक्की."

त्यांनी टाकीचं गारव्याचं बटण फिरवलं. टाकी एकदा गार केली की आतलं यीस्ट झोपी जातं आणि चव जिथे असेल तिथेच थांबते. ते बटण ते घाईने कधीच फिरवत नाहीत. म्हणजे माझं उत्तर बरोबर आलं असावं.

तरी आजचे सगळे पेले मी दोनदा धुतले.

गुरुवार, ६ मार्च

घरी आज दूध जळलं. ताई हॉस्पिटलात ड्युटीवर होती. मी वर माझ्या खोलीत होतो. धुराचा वास आला म्हणून धावत खाली आलो, तर भाऊजी शेगडीपासून हातभर अंतरावर खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पातेल्याचा तळ काळा झालेला. मी गॅस बंद केला तेव्हा दचकले. पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले की ताईला सांगू नकोस, मी घासतो.

दोघांचं काहीतरी बिनसलंय. इतक्या जवळ बसून कुणी दूध जळू देतं ते रागातच.

स्वयंपाकघराच्या खिडकीत ताईने चार छोट्या बरण्या ठेवल्यात. लवंग, लिंबाची साल, गुलाबपाणी, आणि चौथीत निलगिरी. भाऊजी रोज सकाळी एकेक उघडून बराच वेळ नाकाशी धरून बसतात. नवीन बिअरची तयारी असणार. लवंगेची बिअर कोण पिणार, मला कळत नाही. बरण्यांची झाकणं अदलाबदल झाली होती, ती मी जुळवून ठेवली.

पुढच्या शनिवार-रविवारी बिअर महोत्सव आहे. लहान लहान कारखानेवाले आपापले नळ घेऊन येतात. गेल्या वर्षी आम्ही नुसते बघायला गेलो होतो, या वर्षी आमचा स्टॉल आहे. एका मोठ्या हॉटेलचे खरेदीचे साहेब शनिवारी येऊन आमची चव घेणार आहेत. आवडली तर वर्षभर त्यांच्या सगळ्या शाखांत आमचीच बिअर लागेल. नाही आवडली तर, ताई म्हणते, भाऊजींना पुन्हा जुन्या बाटल्या भरण्याच्या कंपनीत शिफ्टवर जावं लागेल. आणि मी? नववीत शाळा सोडलेल्याला पेले उजेडात धरून बघण्याचं काम कोण देणार?

बुधवार, १२ मार्च

पिंपं भरली. महोत्सवासाठी फिकी, म्हणजे कोपऱ्यातल्या टाकीतली, जास्त आणि काळी थोडी. काळीला भाऊजी 'म्हातारी' म्हणतात, कारण तिची कृती सगळ्यांत जुनी. ही म्हातारी तापाच्या आधी डिसेंबरात केलेली. फिकी नंतरची.

भरताना फिकीचा वास घेतला. गार असताना लोणी जवळजवळ कळत नाही. मी खूश झालो. मग पेला हातात धरून कोमट केला तर पुन्हा हळूच वर आलं. लोण्याचा वास घाणेरड्या पाइपांमुळेही येतो असं भाऊजींनीच मागे शिकवलं होतं. म्हणजे दोष माझ्या धुण्यात असणार. सगळे पाइप सोडवून पुन्हा धुतले. पुन्हा पेला कोमट केला. पुन्हा तेच.

भाऊजी मागून येऊन उभे राहिले. "काय येतंय?"

आता बदलून सांगितलं तर त्या दिवशीचं खोटं उघडं पडणार. म्हटलं, संत्र्याची साल.

रात्री जेवताना ताई अचानक मला म्हणाली, "हे विचारतात ना तुला, तेव्हा जे येतं तेच सांगत जा. चांगलं-वाईट ते ठरवतील." भाऊजी ताटाकडे बघत होते. तिला कसं कळलं? भाऊजींनीच सांगितलं असणार. म्हणजे त्यांना माझा संशय आहे, आणि ते बायकोच्या तोंडून बोलतात. मी हो म्हटलं. भाऊजींनी उकडलेल्या अंड्यांवर दुसऱ्यांदा मीठ घातलं. ताईने मीठदाणी हळूच उचलून आपल्या बाजूला ठेवली.

शुक्रवार, १४ मार्च

पहाटे निघालो. ताईला रजा नाही, त्यामुळे आम्ही दोघंच, आणि मागे पिंपं. मी त्यांना दोऱ्या बांधल्या होत्या. तरी प्रत्येक वळणावर मागे वळून बघत होतो. भाऊजी म्हणाले, "मान मोडेल. पिंपं पळून जात नाहीत."

घाट चढताना गाडीत जळका वास सुरू झाला, रबर करपल्यासारखा. मला वाटलं त्यांना माहीतच असेल, गाडी त्यांची आहे. मधेच बोललो तर म्हणतील, आता मला गाडी चालवायला शिकवतोस का. वास वाढतच गेला, डोळ्यांना झोंबायला लागला, आणि ते आरामात शीळ वाजवत होते. शेवटी मी चाचरत म्हटलं की जळतंय काहीतरी. त्यांनी ताडकन गाडी बाजूला घेतली. हॅण्डब्रेक अर्धा लागलेला होता.

ते खाली उतरले, चाकाजवळ वाकले, हात लावून झटकन मागे घेतला. मग रस्त्याकडेला पाठमोरे उभे राहिले.

"कधीपासून येत होता वास?"

मी म्हटलं, पायथ्यापासून.

"मग पायथ्याशीच सांगायचं रे," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी पोचलो. मोठं मैदान, पांढऱ्या कापडाचे मंडप, मंडपामागे पिंपांचे ढीग. आमचा स्टॉल टोकाला, पाण्याच्या नळाजवळ, हे चांगलं झालं. शेजारी एक दाढीवाला आहे, पिंपाएवढाच रुंद. त्याने आल्या आल्या आमचं टेबल उचलून सरळ केलं आणि मला विचारलं की तू कारागीर की पाहुणा. मी म्हटलं, धुणारा. तो म्हणाला, "म्हणजे खरा मालक."

लॉजच्या खोलीत एकच खिडकी आहे. लागत नाही. कागदाची घडी घालून लावली.

शनिवार, १५ मार्च

जसं झालं तसं लिहितो. काहीही बदलत नाही.

इथे एक पद्धत आहे. लोकांना आत सोडण्याआधी कारागीर एकमेकांच्या स्टॉलवर जाऊन नळाचा पहिला पेला चाखतात आणि एक वाक्य बोलतात. वाईट बोलायचं नाही असा अलिखित नियम, सकाळी सकाळी कुणाचा दिवस खराब करायचा नसतो. दाढीवाला आमच्याकडे आला. फिकी चाखली, तोंडात घोळवली, भाऊजींकडे जरा नवलाने बघितलं आणि म्हणाला, "मऊ आहे हो." भाऊजी खूश झाले. मी मात्र बघितलं की आपल्या स्टॉलमागे गेल्यावर त्याने उरलेला पेला बादलीत ओतला.

मग लोक आले. पहिले दोन घोट हसतमुखाने घ्यायचे आणि बोलत बोलत पुढे जायचे. थोड्या वेळाने पेले परत यायचे ते अर्धे. प्रत्येक पेला अर्धा. मला वाटलं साबण राहतोय. नुसत्या पाण्याने धुतले. मग गरम पाण्याने. मग कोरड्या फडक्याने पुसून, उजेडात बघून. तरी अर्धेच. शेवटी एका अर्ध्या पेल्याचा वास घेतला तेव्हा कळलं. गार असताना लोणी दबलेलं असतं, गप्पा मारत हातात धरलं की वर येतं. पेल्यांचा दोष नव्हता. पाइपांचाही नव्हता. लोणी टाकीतलंच होतं, मला पहिल्या दिवशी आलं तेच.

भाऊजी प्रत्येकाला हसून भरून देत होते. स्वतःही एक पेला हातात घेऊन अधूनमधून घोट घेत होते. मला कळेना. इतका वास येतोय आणि ते पितायत कसे? मनात आलं की हीच खरी परीक्षा. मी तोंड उघडतो का ते बघायला त्यांनी अख्खा महोत्सव पणाला लावला. मग वाटलं, मी किती मूर्ख आहे. मग पुन्हा वाटलं, पण मग काय?

हॉटेलचे साहेब दुपारी आले. बारीक, टापटीप, बुटांना धूळसुद्धा नाही. सोबत एक बाई, त्या काही बोलल्या नाहीत. भाऊजींनी हात फडक्याला पुसले, नवा पेला घेतला, फिकी भरली. आणि साहेबांना देण्याआधी पेला माझ्याकडे केला. सगळ्यांसमोर. 

"आमचे इन्स्पेक्टर," ते साहेबांना म्हणाले, "यांनी पास केल्याशिवाय जात नाही." आणि मला, हळू: "काय येतंय?"

संत्र्याची साल हे शब्द जिभेवर तयार होते. रोज म्हणून म्हणून आपोआप येतात. मी पेला दोन्ही हातांनी धरला आणि कोमट होऊ दिला. साहेबांनी घड्याळ बघितलं. भाऊजींच्या कपाळावर घाम होता, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की मला एकदम वाटलं, हे तपासत नाहीयेत. हे विचारतायत.

"लोणी," मी म्हटलं.

 शेजारी दाढीवाल्याने नळ बंद केला.

भाऊजींनी माझ्या हातातून पेला घेतला, बादलीत ओतला, आणि फिकीच्या नळावर फडकं टाकलं. मग साहेबांना म्हणाले की ही मी तुम्हाला देत नाही, ही गार करायला घाई झाली, चूक माझी. हवी असेल तर काळी आहे. साहेब म्हणाले की काळी आमच्याकडे चालत नाही. पण काळी चाखली, त्या बाईंनीही चाखली, आणि त्यांचा पेला रिकामा झाला. जाताना साहेब म्हणाले की पुढची झाली की कळवा. हे सगळेच म्हणतात.

मग भाऊजींनी दाढीवाल्याला स्टॉल बघायला सांगितलं आणि मला मंडपामागे नेलं. आम्ही उलट्या पिंपांवर बसलो. मी मनात कपडे बांधायला घेतले होते.

"लोणी कधीपासून येत होतं?"

"टाकीपासून. पहिल्या दिवसापासून."

"मग मला संत्र्याची साल का सांगितलीस?"

"लेबलवर तेच होतं. मला वाटलं तुम्ही परीक्षा घेताय."

 त्यांच्या तोंडावर हसू येत होतं की दुसरं काही, मला सांगता येत नाही. मग म्हणाले, "अरे वेड्या, मला काहीच येत नाही. तापापासून. लोणी नाही, धूर नाही, लवंग नाही, काही नाही. जिभेला खारट-कडू थोडंफार कळतं, तेवढंच. बिअर करणाऱ्याचं नाक गेलं हे बाहेर कळलं तर माझ्या दारात कोण उभं राहील? म्हणून तुझं नाक वापरत होतो."

मी विचारलं, मलाही का नाही सांगितलं.

"लाज वाटली," ते म्हणाले. "तू घरातला म्हणून जास्त."

दूध. गाडी. मीठ. बरण्या. सगळं एकदम आठवलं. आणि हेही की त्या दिवशी मी लोणी म्हटलं असतं तर टाकी आणखी थोडे दिवस उबेत ठेवली असती आणि यीस्टने ते लोणी स्वतःच खाऊन टाकलं असतं. एवढंच करायचं होतं. मी हे त्यांना म्हटलं नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

रविवार, १६ मार्च

आज फक्त म्हातारी लावली. प्रत्येक पिंपाचा पहिला पेला मी घेतला. भाऊजी आता डोळे मिटून वास घेतल्याचं नाटक करत नाहीत, सरळ माझ्याकडे देतात. दुपारच्या आत म्हातारी संपली. पेले रिकामे परत येत होते. तरी मी उजेडात बघत होतो.

मग भाऊजी म्हणाले, चल, महोत्सव दाखव मला. मला वाटलं थट्टा करतायत. तसं नव्हतं. प्रत्येक स्टॉलवर ते एक पेला घ्यायचे, रंग बघायचे, फेस बघायचे, एक घोट घ्यायचे आणि पेला माझ्याकडे द्यायचे. आणि मी सांगायचं. लेबलवरचे शब्द नाही, असं त्यांनी बजावलं. तुझे शब्द सांग.

मला सुरुवातीला काही सुचेना. मग एकीला म्हटलं, टोमॅटोचा देठ मोडल्यावर हाताला येतो तसा. दुसरीला, नव्या दप्तराच्या आतला. एकीला म्हटलं, पेन्सिल तासल्यावर. भाऊजी प्रत्येक वेळी थांबायचे, डोळे मिटायचे, आणि मला दिसायचं की ते आत कुठेतरी जाऊन तो वास शोधून आणतायत. मग म्हणायचे, हां, लाकडाच्या पिंपात ठेवलेली. हां, हॉप्सची फुलं जरा जास्तच. एका ठिकाणी मी काही बोललोच नाही, नुसता बघत राहिलो. ते म्हणाले, "बोल ना." मी म्हटलं की हिला आपल्या जुन्या घरातल्या देवघरासमोर दुपारी यायचा तसा वास आहे, पण कशाचा ते माहीत नाही. त्यांनी तो पेला पूर्ण प्यायला.

दाढीवाल्याकडे शेवटी गेलो. त्याने मुद्दाम आपली सगळ्यांत महागडी दिली, वर्षभर ठेवलेली. मी वास घेतला आणि भाऊजींना हळू म्हटलं, ओला पुठ्ठा. दाढीवाल्याने ऐकलं.  त्याने माझ्या हातातून पेला घेतला, नाक घातलं, एकदा, दोनदा, आणि आपल्या माणसाला हाक मारून विचारलं की या पिंपात हवा शिरली का. मग मला म्हणाला, "काल मीही सांगायला हवं होतं. नियम पाळला." आणि भाऊजींना, "याला बांधून ठेवा. नाहीतर मी नेतो."

भाऊजी म्हणाले, तो जात नाही.

गाडीत परत येताना मी विचारलं की मी खोटं बोललो त्याचं काय. ते म्हणाले, कशाचं काय? हे काही उत्तर नाही. घाटात हॅण्डब्रेक मी स्वतः बघितला.

मंगळवार, १८ मार्च

ताईला मी विचारलं की तू तरी सरळ सांगायचं होतंस. ती म्हणाली की त्यांनी शपथ घातली होती, जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं. डॉक्टर म्हणतात, नाक परत येईल किंवा येणार नाही. म्हणून त्या बरण्या. रोज हुंगत राहिलं तर नाकाला आठवण होते म्हणे.

उरलेली फिकी आम्ही सगळी ओतून दिली. ओतताना भाऊजी बाहेर गेले. आज नवीन फिकी टाकायला घेतली.

मला एकच कळत नाही. मी कामावर आहे की नाही हे कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

नव्या फिकीचा कोमट पेला. लोणी आहे असं मी सांगितलं. भाऊजींनी बटणाकडे बघितलंही नाही. म्हणाले, थांबू.

बुधवार, २ एप्रिल

आजही आहे. कमी. पूर्वी ते वासाला स्वतः नाव द्यायचे, आता मलाच विचारतात की कमी म्हणजे किती. मी म्हटलं, पावाला लोणी लावून सुरी पुसून ठेवली, त्या सुरीला जेवढा येईल तेवढा. ते म्हणाले, मग अजून थांबू. जेवताना ताईने विचारलं की सुरीचं काय झालं. दोघं हसत होते.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज सकाळी पेला घेतला. काही नाही. पुन्हा कोमट केला. बाहेर जाऊन मोकळ्या हवेत नाक साफ करून आलो, पुन्हा घेतला. संत्र्याची साल. मागे पाव. लेबलवर छापलंय म्हणून तर येत नाही ना? लेबल विसरायचा प्रयत्न केला, मग आणखी एकदा घेतला.

"गेलं," मी म्हटलं.

भाऊजींनी पेला मागितला नाही. 'नक्की ना' विचारलं नाही. तिथल्या तिथे बटण फिरवलं आणि हॉटेलच्या साहेबांना फोन लावायला गेले. नमुना पुढच्या आठवड्यात न्यायचा आहे. मी सोबत यायचं आहे, असं आपोआपच ठरलेलं दिसलं.

तेव्हापासून मला चैन नाही. टाकी गार होतेय आणि आता काही बदलता येत नाही. माझ्या एका शब्दावर. सकाळी भाऊजी लवंगेच्या बरणीवर नेहमीपेक्षा जास्त थांबले होते. मी विचारलं नाही. पण त्यांचं नाक येईपर्यंत घरात एकच नाक आहे आणि ते माझं आहे, हे आता सतत आठवतं. ताईने मला मफलर दिलाय. एप्रिलमध्ये मफलर घालून मी पेले धुतो.

आता हे लिहिताना दोन शिंका आल्या. धुळीच्या असतील. नसतीलही. सोमवारी पिंपं भरायची आहेत.

भाऊजी खालीच आहेत. सांगून येतो.